दुहेरी नागरिकत्व आणि कॉलेजचा प्रवेश : कार्डावरची तारीख

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर, थोडी काटछाट करून)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, माता-भगिनींनो, आणि मराठी फारशी न समजताही दरवर्षी आरतीला हजर राहणाऱ्या माझ्या रेल्वेतल्या मित्रांनो,



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी वकील नाही, शिक्षणतज्ज्ञ तर मुळीच नाही. सोलापूरला डिप्लोमा केला, भरती मंडळाची परीक्षा दिली आणि सिग्नल खात्यात लागलो. काझीपेट झाले, इतर दोन-तीन ठिकाणे झाली, आता बरीच वर्षे सिकंदराबादला आहे. मग या विषयावर मी का? तर गेली काही वर्षे माझ्या धाकट्या भावाच्या मुलांच्या प्रवेशासाठी कागदपत्रे घेऊन फिरण्याचे काम माझ्याकडे आले. रेल्वेत राहून एक सवय लागते, परिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. ही सवय इथे उपयोगी पडली. मग कॉलनीतले लोक विचारू लागले. 'आमची नात अमेरिकेत जन्मली, आता इथे आहे, तिला नीट देता येईल का?' 'आमच्या जावयांकडे दुहेरी नागरिकत्व आहे, मुलाला आयआयटीत वेगळा कोटा असतो ना?' चिटणीसांनी हे ऐकले आणि म्हणाले, एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगा.

पहिला मुद्दा शब्दाचा. आपण सर्रास 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतो. भारतात ते नाही. घटनेच्या ९ व्या अनुच्छेदापासूनच भूमिका स्पष्ट आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमात तीच पुढे आली : स्वखुशीने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे इंटरलॉकिंग आहे. एका मार्गाचा सिग्नल दिला की त्याला छेदणाऱ्या मार्गाचा सिग्नल देताच येत नाही. स्टेशन मास्तर कितीही ओळखीचा असो.

मग ओसीआय कार्ड म्हणजे काय? डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने २००२ च्या जानेवारीत परदेशस्थ भारतीयांबद्दलचा अहवाल दिला आणि त्यात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या. त्या आधी काही निवडक देशांपुरत्या होत्या, मग २००५ मध्ये त्या व्यापक केल्या. ओसीआय योजनेचा शुभारंभ २००६ च्या जानेवारीत आपल्या याच शहरात, हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात झाला. वर्तमानपत्रांनी त्या वेळी 'दुहेरी नागरिकत्व आले' असे मथळे दिले आणि तो शब्द लोकांच्या तोंडी बसला तो बसलाच. पण त्या कार्डाने मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सरकारी नोकरीतल्या समान संधीचा हक्कही मिळत नाही. आमच्याकडे एक कॉलिंग-ऑन सिग्नल असतो. मुख्य सिग्नल लाल असतानाही तो गाडीला हळूहळू, सांभाळून आत घेतो. ओसीआय कार्ड तसे आहे. आत या म्हणते, पण मुख्य सिग्नल दिला असे समजू नका.

आता प्रवेशाकडे येतो.

२००५ मध्ये सरकारने अधिसूचना काढून ओसीआय धारकांना आर्थिक आणि शैक्षणिक बाबतींत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले. २००९ च्या अधिसूचनेत वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षांचाही उल्लेख आला. आता अनिवासी भारतीय म्हणजे एनआरआय हा भारताचाच नागरिक असतो, फक्त राहतो बाहेर. तो सर्वसाधारण जागेसाठीही स्पर्धा करू शकतो. त्याच न्यायाने ओसीआय मुले वर्षानुवर्षे सर्वसाधारण जागांवर प्रवेश घेत होती. जातीचे आरक्षण त्यांना नव्हते, पण खुल्या गटात गुणांवर जागा मिळत होती. अधूनमधून एखादे राज्य अडवत असे, पालक कोर्टात जात, निकाल लागे, पुन्हा चालू.

४ मार्च २०२१ ला हे बदलले. गृह मंत्रालयाच्या नव्या अधिसूचनेत म्हटले की ओसीआय धारकाला नीट, जेईई मेन, जेईई अॅडव्हान्स्ड वगैरे परीक्षा देता येतील, पण प्रवेश मिळेल तो फक्त एनआरआय जागेवर किंवा अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वरच्या जागेवर. केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागेवर नाही. आणि ओसीआय धारक, मग तो अल्पवयीन का असेना, परदेशी नागरिकच आहे, असे स्पष्टीकरणही जोडले.

यावर बरीच मुले सुप्रीम कोर्टात गेली. ३ फेब्रुवारी २०२३ ला निकाल आला. कोर्टाने सांगितले की असा नियम करण्याचा अधिकार सरकारला आहे, पण प्रवेशाबाबतचे हे बंधन मागच्या तारखेपासून लावता येणार नाही. ज्यांना ४ मार्च २०२१ च्या आधी कार्ड मिळाले, त्यांचा जुना हक्क राहील. नवा नियम त्यानंतरच्या कार्डांना.

म्हणजे आज सगळे त्या तारखेवर येऊन थांबते. मूल किती वर्षे इथे राहिले, कुठल्या शाळेत शिकले, आई-वडील कर कुठे भरतात, याला त्यात जागा नाही.

आमच्या घरातच दोन्ही बाजू आहेत. भाऊ न्यू जर्सीत नोकरीला होता. तो आणि भावजय दोघेही आजही भारतीय नागरिक आहेत, तिथले नागरिकत्व त्यांनी घेतले नाही. मुले मात्र तिथे जन्मली म्हणून जन्मानेच अमेरिकन. पुतणी २००७ ची. तिच्या जन्मानंतर आईची तब्येत बिघडली होती, नात दाखवायला लगेच यायचे होते, म्हणून वर्षभरात तिचे ओसीआय कार्ड काढले. पुतण्या २०१२ चा. त्या वेळी घाई नव्हती. व्हिसावर येणे-जाणे चालू होते, कार्ड काढू, काढू म्हणत राहिले. २०१९ मध्ये चौघे कायमचे परत आले, मुलगा एंट्री व्हिसावर. मग २०२० चे वर्ष आपण सर्वांनी पाहिलेच आहे. त्याचे कार्ड हातात पडले २०२२ मध्ये.

एकच आई-बाप, एकच दवाखाना, एकाच रंगाचा पासपोर्ट, सिकंदराबादची एकच शाळा. बहिणीला सर्वसाधारण रांग, भावाला नाही.

पुतणीने २०२५ मध्ये नीट दिली. कागदपत्रांच्या तपासणीला मी बरोबर गेलो होतो. टेबलावरच्या गृहस्थांनी पासपोर्ट पाहिला आणि मान वर न करता सांगितले, 'फॉरिनर आहे, एनआरआयच्या टेबलावर जा.' पोरगी तेलुगू माझ्यापेक्षा चांगली बोलते. तिने त्यांना तेलुगूत सांगितले की मी सहावीपासून याच शहरात शिकते आहे आणि माझे कार्ड २००८ चे आहे. ते म्हणाले, 'कार्ड कधीचंही असो, कार्ड ते कार्ड.' मी निकालाची प्रत पुढे केली. अधिसूचनेची प्रत पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. सकाळी दहाचे आम्ही, दुपारी साडेतीनला एक वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी दोन्ही कागद उभ्या उभ्या वाचले, कार्डावरची तारीख बघितली आणि म्हणाल्या, 'जनरलमध्येच घ्या.' दोन मिनिटांचे काम. त्या गृहस्थांचा मला राग नाही. रोज शेकडो मुले, आणि दरवर्षी नियम बदलतो. पण आम्ही ते कागद नेले नसते तर पोरीचे नाव एनआरआयच्या यादीत गेले असते आणि मग तिथून ओढून काढताना नाकी नऊ आले असते. तिला पुढे जागा मिळाली ती तिच्या गुणांवर.

त्या रात्री जेवताना पुतण्याने विचारले, 'काका, ताईला चाललं, मग मला का नाही?' भाऊ काही बोलला नाही. मी त्याला तारखेचे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, 'मग मी एनआरआय का? मी तर इथेच राहतो.' बरोबर आहे त्याचे. एनआरआय म्हणजे भारतीय नागरिक, पण भारतात न राहणारा. आमचा पुतण्या भारतात राहतो, पण भारतीय नागरिक नाही. नेमका उलटा. तरी त्याला जागा दाखवली जाते ती एनआरआयची.

या जागांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत एनआरआयसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येतील, हे २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले. परदेशात कमावणाऱ्याने जास्त फी भरावी आणि त्यातून संस्थेला, गरीब विद्यार्थ्यांना हातभार लागावा, ही कल्पना. पुढे या कोट्याचे काय काय झाले ते आपण वाचतोच. पंजाबने तर लांबच्या नातेवाइकांनाही एनआरआय धरायचा घाट घातला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो सरळ धुडकावला आणि कडक शब्दांत कानउघाडणी केली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांत या जागांची वैद्यकीयची वर्षाची फी दोन आकडी लाखांत असते. माझा भाऊ आता रुपयांत पगार घेतो. मुलाचा पासपोर्ट निळा आहे म्हणून बापाचा पगार डॉलरमध्ये येत नाही.

अभियांत्रिकीत थोडी जास्त हालचाल आहे. एनआयटी आणि तत्सम संस्थांत परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी 'दासा' नावाची योजना २००१-०२ पासून आहे. पूर्वी त्यासाठी अमेरिकन सॅटच्या विषयवार परीक्षा लागत. त्या परीक्षा २०२१ मध्ये बंद झाल्यावर जेईई मेनचा क्रमांक धरू लागले. फी मात्र डॉलरमध्ये. आयआयटीत परदेशी नागरिकांच्या जागा मंजूर संख्येच्या वर असतात, जास्तीत जास्त दहा टक्के. म्हणून 'ओसीआयला आयआयटीत कोटा असतो' असे जे म्हणतात ते अर्धेच खरे. २०२१ च्या त्या तारखेआधीचे कार्ड असेल तर खुल्या गटात आपल्या मुलांच्या रांगेत उभे राहता येते, नंतरचे असेल तर परदेशी म्हणून. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येत नाहीत. अर्जावरच्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय भरता, तिथेच निम्मा निकाल लागतो. तो रकाना इंटरनेट कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका.

माझे मत विचाराल तर सरकारचा मूळ विचार मला चुकीचा वाटत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजची एक जागा जनतेच्या पैशातून उभी राहते. आदिलाबादच्या किंवा गडचिरोलीच्या पोराला दुसरा देश नसतो, ही जागा गेली की संपले. आमच्या पुतण्याला निदान एक दार बाहेर उघडे आहे. पण ज्या मुलाची अख्खी शाळा इथे झाली, ज्याचे आई-बाप भारतीय नागरिक आहेत, त्याला फक्त जन्मस्थळावरून परदेशी धरणे आणि त्याच्याच सख्ख्या बहिणीला धरू नये, याचे समर्थन मला जमत नाही. तारखेऐवजी शाळेची वर्षे मोजली असती तर बरे झाले असते. राज्ये तसेच तर करतात. तेलंगणात वैद्यकीयच्या स्थानिक जागेसाठी नववी ते बारावी इथे झालेली असावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम ग्राह्य धरला. आपल्यासारख्या बदलीवाल्यांना हा नियम जाचतो हे मान्य. माझ्या खात्यातल्या एकाची मुलगी दहावीनंतर गुंटकलहून इथे आली, त्याने माझ्यापाशी किती तळतळाट केला ते मला माहीत आहे. गंमत म्हणजे १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात याच कोर्टाने सांगितले होते की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. तरी प्रत्येक तहसील कार्यालयात आपण राज्याच्या अधिवासाचे प्रमाणपत्र काढतोच आहोत. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

पुतण्याच्या बाबतीत पुढे काय, हे आम्ही शोधले. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी हा भाग लक्षपूर्वक ऐका.

ओसीआय धारकाला भारतीय नागरिक होता येते. कायद्याच्या ५ व्या कलमात सोय आहे. ओसीआय होऊन पाच वर्षे झालेली असावीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असावे. पण अर्जदार सज्ञान हवा, म्हणजे अठरा पूर्ण. आणि नीटला बसतात सतराव्या वर्षी. म्हणजे हे फाटक उघडेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. एक वर्ष थांबायची तयारी असली तरी अर्ज केला की लगेच नागरिकत्व मिळते असे नाही, फाइल गृह मंत्रालयापर्यंत जाऊन यायची असते.

त्याच कलमात दुसरी सोय आहे, भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांची नोंदणी. आई-वडील दोघेही भारतीय नागरिक राहिले असतील त्यांनी ही वाट नक्की बघावी. आमच्या भावाला ती लागू होते. ज्यांनी स्वतः अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे त्यांना होत नाही. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. अमेरिकेच्या कायद्यात आई-बाप मुलाच्या वतीने त्याचे नागरिकत्व सोडू शकत नाहीत. ते त्याने स्वतः, समजून-उमजून सोडायचे असते, आणि सोळाच्या आतल्या मुलाला तेवढी समज आहे असे ते सहसा मानत नाहीत.

तिसरी गोष्ट नव्या आई-वडिलांसाठी. परदेशात मूल झाले आणि तुम्ही भारतीय नागरिक असाल, तर वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत जन्माची नोंद करून ते मूल वंशाने भारतीय नागरिक होऊ शकते. मात्र त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. अशा मुलाला जन्मामुळे तिकडचेही नागरिकत्व असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते सोडावे लागते, नाहीतर भारताचे जाते. आपल्या कायद्यात खरे दुहेरी नागरिकत्व कुठे असेल तर ते इतकेच, आणि तेही साडेअठरा वर्षांपर्यंत.

आता 'नाहीतर काय, जाईल अमेरिकेला' असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलाला विद्यार्थी व्हिसा लागत नाही, तिथल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीला आणि कर्जाला अर्ज करता येतो, हे मोठे फायदे आहेत. पण तिथल्या सरकारी विद्यापीठांत स्वस्त फी असते ती त्या राज्यात राहणाऱ्याला, निव्वळ नागरिकाला नव्हे. सिकंदराबादेत वाढलेला मुलगा न्यू जर्सीला गेला तरी सहसा 'बाहेरच्या राज्याचा' ठरतो. इंग्लंडमध्येही तसेच. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी आधीची तीन वर्षे तिथे वास्तव्य नसेल तर सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी. म्हणजे आपल्याकडे तो तिकडचा म्हणून अडतो आणि तिकडे तो इकडे राहिला म्हणून.

आणि रेल्वेवाल्यांसाठी एक आतली गोष्ट. आपल्या भरती मंडळाच्या जाहिरातीत पात्रतेचा रकाना वाचा. नेपाळचा आणि भूतानचा प्रजाजन अर्ज करू शकतो. आमचा पुतण्या, ज्याचा काका आणि आजोबा दोघेही रेल्वेत, तो करू शकत नाही.

शेवटी कागदांबद्दल. ओसीआय कार्ड पुन्हा काढले की नव्या कार्डावर नवी तारीख येते. म्हणून जुने कार्ड, जुना पासपोर्ट, पहिल्या नोंदणीची प्रत जपून ठेवा, रद्दीत घालू नका. नवा पासपोर्ट आला की दर वेळी कार्ड बदलायची गरज एप्रिल २०२१ पासून राहिलेली नाही. वीस वर्षांच्या आतल्यांनी नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवला की काम होते, आणि विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट निघाला की एकदा कार्ड पुन्हा काढायचे. आमच्या पुतणीचे २००८ चे कार्ड भावजयीने लोखंडी पेटीत, सोन्याच्या डब्याखाली ठेवले होते. त्या दिवशी टेबलावर तेच कामी आले.

पुतण्या सध्या नववीत आहे. अल्पवयीन नोंदणीचा अर्ज भरायचा की अठरापर्यंत थांबायचे, यावर घरात अजून एकमत नाही. भावजय म्हणते आत्ताच करू. भाऊ म्हणतो, एवढा मोठा निर्णय त्याचा त्याने घेऊ दे. आणि पुतण्या म्हणतो त्याला डॉक्टर व्हायचेच नाही, त्याला लोको पायलट व्हायचे आहे! त्यालाही भारतीय नागरिकत्व लागते, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

अधिसूचनेच्या आणि निकालाच्या महत्त्वाच्या पानांच्या पंधरा झेरॉक्स प्रती मी आणल्या आहेत, त्या प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनीच घ्याव्यात, आणि अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. आरतीनंतर मी इथेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!